पुढच्या सीटखालची वाळू

निघायच्या आठ दिवस आधी मी आमची हवेची होडी, कयाक, गच्चीवर नेऊन फुगवली, आणि पुढच्या सीटखालून वाळू निघाली. फार नाही, चहाचे दोन चमचे भरतील एवढी. पांढरट, बारीक, आणि तिच्यात नखाएवढा शिंपल्याचा तुकडा. आमच्याकडं अशी वाळू नसते. आमच्याकडं काळा चिखल असतो, बुटाला लागला की महिनाभर न सुटणारा. ही कयाक आजवर ज्या एकाच तलावात उतरली होती, तिथं अशी वाळू शोधूनही सापडली नसती.

मी पैठण रोडला, चितेगावच्या एका कंपनीत तपासणीच्या कामाला आहे. माल मापात आहे का बघायचं आणि नसेल तर लाल टॅग लावायचा, एवढंच तीस वर्षं करतोय. त्यामुळं एक गोष्ट खटकली की माझा हात आपोआप दुसरी शोधायला लागतो. मी पाय टेकवायचा पट्टा बघितला. पुढची सीट माझी, म्हणून त्या पट्ट्यावर माझ्या पायाच्या मापाला मी मार्करनं रेघ मारून ठेवली होती. बक्कल रेघेच्या चार बोटं पुढं सरकलेलं होतं. म्हणजे माझ्या जागेवर माझ्यापेक्षा उंच माणूस बसला होता, आणि तो समुद्राकाठी कुठंतरी बसला होता.

पंप तसाच टाकून मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो. खालून बायकोनं दोनदा चहाला हाक मारली. 

ही कयाक दोघांची आहे, माझी आणि माझ्या मित्राची. हवा भरून फुगवायची, दोन सीटची, घडी केली की एका मोठ्या पिशवीत मावते. मित्राचं औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. बावीस वर्षांपूर्वी मुलीच्या वह्यांना कव्हरं आणायला मी तिथं गेलो, तर गल्ल्याशेजारी नायलॉनच्या दोऱ्याचं रीळ दिसलं. मी विचारलं, पतंगाचं का? तो म्हणाला, "नाय हो, माशाचं." तेवढ्यावर दोस्ती झाली. पुढच्याच रविवारी आम्ही दौलताबादच्या पलीकडच्या एका पाझर तलावावर गळ टाकून बसलो होतो, आणि त्यानंतरचे बहुतेक रविवार तिथंच गेले. चिलापी मिळायची, कधी रोहू, नशीब फळफळलं तर मरळ. आणि काहीच नाही मिळालं तर येताना रस्त्यावरची सीताफळं घ्यायची, म्हणजे घरी रिकाम्या हातानं जायला नको.

आमच्या मैत्रीत एक नियम होता. नियम तसा आमचा नव्हे, जुनाच आहे: कामाला निघालेल्या माणसाला 'कुठं' असं विचारायचं नाही. विचारलं की काम फिस्कटतं. शहरात आता हे कोणी फारसं मानत नाही, पण मासे धरायला जाणाऱ्यानं मानलंच पाहिजे, याबद्दल मित्राचं मत पक्कं. आणि कोणी टोकलंच, तर घरात परत यायचं, चपला काढायच्या, खाली बसायचं, तांब्याभर पाणी प्यायचं आणि मग नव्यानं निघायचं. एकदा त्याच्या शेजाऱ्यानं टोकलं, तर हा बाबा कोपऱ्यावरून स्कूटर वळवून घरी गेला, आणि मी भर चौकात हातात गळ घेऊन वीस मिनिटं उभा. लोकांना वाटलं असेल, हा नळाला पाणी यायची वाट बघतोय.

म्हणून आम्ही एकमेकांना कधी 'कुठं' विचारलं नाही. फोन आल्यापासून तर अगदी सोपं झालं. रविवारी सकाळी 'निघतोय' एवढाच मेसेज पाठवायचा. त्याला उत्तर द्यायचं नाही, कारण उत्तर दिलं की बोलणं वाढतं आणि बोलणं वाढलं की कोणाच्या तरी तोंडून 'कुठं' निघतंच. दोघांच्या बायकाही शिकल्या. मी गळ घेऊन गेटबाहेर पडलो की माझी बायको मुद्दाम दुसरीकडं बघायची.

एका वर्षी तलाव आटला. तळाला भेगा पडलेल्या, मधोमध म्हशी बसतील एवढंसं डबकं. तरी आम्ही सवयीनं गेलो आणि बांधावर बसून राहिलो. तेव्हा मित्र म्हणाला, "जिथलं पाणी आटत नाय तिथं एकदा गळ टाकू राव." समुद्र आम्ही दोघांनीही बघितला होता, चौपाटीवर जाऊन भेळ खाण्यापुरता. पण खाऱ्या पाण्यात गळ कधी टाकला नव्हता. त्या दिवशी बांधावर ठरलं की कयाक घ्यायची, मालवणच्या बाजूला एखाद्या खाडीत उतरवायची, आणि पहिलं खारं पाणी दोघांनी मिळून बघायचं. एकट्यानं नाही. हात वगैरे मिळवले नाहीत आम्ही, पण बावीस वर्षांत मी त्याच्याकडून काही मागितलं असेल तर ते एवढंच.

आता माझं सांगतो, म्हणजे नंतर कोणी एकतर्फी म्हणायला नको. कयाक घेऊन तीन वर्षं झाली आणि तिन्ही वर्षं माझ्यामुळंच जाणं पुढं ढकललं गेलं. पहिल्या वर्षी लाइफ जॅकेटचे पट्टे मला कच्चे वाटले. मी ते मोच्याकडून दुहेरी शिवून घेतले, तोवर सुट्ट्या संपल्या. दुसऱ्या वर्षी कंपनीत तपासणीला बाहेरचे लोक येणार होते. तिसऱ्या वर्षी खरं कारण काही नव्हतं. सामान पूर्ण झालं नाही असं मला वाटत होतं, एवढंच. तहान लागल्यावर विहीर खणणारा मी नाही. मी तहानेच्या आधी विहीर खणतो, तिला कठडा बांधतो, कठड्याला रंग देतो, आणि मग तहानच लागत नाही.

सामानाच्या यादीची मी वहीच केली होती. वही अर्थातच त्याच्या दुकानातली. पायानं मारायचा पंप आणि तो बिघडला तर हातपंप. ठिगळं आणि सोल्युशन. दोन वल्ही, एक जादा. गळ वेगवेगळ्या मापाचे, जुन्या चपलेच्या तळव्यात टोचून, म्हणजे पिशवीत हात घातला तर बोटात घुसायला नकोत. मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी, आणि तिच्या आत आणखी एक साधी पिशवी, कारण पहिलीवर विश्वास नाही. ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी. भाकरी तिथं मिळणार नाही हे मी धरूनच चाललो होतो.

आणि पाण्याचा वीस लिटरचा जार. त्यावरून मित्र मला फार छळायचा. "समुद्रावर चाललाय आन् पाणी घेऊन चाललाय," म्हणायचा. पण आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो. दाराशी पिंपं भरलेली असली तरच आम्हाला झोप लागते. असा माणूस बाहेरगावी पाण्याशिवाय निघू शकत नाही. जारचं तोंड मी मेणकापडानं बांधून ठेवलं होतं.

आमिषाचीही तीच गत. आम्ही शेंगदाण्याची पेंड, कणीक आणि हिंग मळून गोळ्या करतो. त्यावर रोहू तुटून पडतो. मी ठरवलं होतं की समुद्राला तेच न्यायचं, दोन किलो, फक्त हिंग जरा जास्त घालायचा. हे मी ऑगस्टमध्ये मित्राला सांगितलं, तेव्हा तो पटकन म्हणाला, "त्याला नाय लागत मासा तिथं. कोळंबी लागती. गावात ताजी मिळती." मी म्हणालो, तुला काय ठाऊक? तो म्हणाला, "असंच. मोबाइलवर बघितलं." आणखी एकदा म्हणाला की गळाचं रीळ रोजच्या रोज गोड्या पाण्यानं धुवावं लागेल, नाहीतर दोन दिवसांत जाम होतं. मी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढं कौतुकानं कंसात त्याचं नाव टाकलं. मला वाटलं, चला, दुकानदाराला शेवटी तयारीची गोडी लागली.

गच्चीवर टाकीच्या सावलीत बसल्या बसल्या हे सगळं ओळीनं आठवलं. कयाक त्याच्याकडं कधी गेली तेही आठवलं. एप्रिलच्या अखेरीस मीच दिली होती. आमच्या माळ्यावर उन्हाळ्यात इतकं तापतं की जोड सुटतील अशी मला धास्ती होती, आणि त्याच्या दुकानामागची खोली दगडी, थंड. कोकणाआधी तलावाकाठचा एखादा बाभळीचा काटा शिरायला नको म्हणून मी ती वर्षभर पाण्यात उतरवूही दिली नव्हती. तिथून ती आता, दिवाळीच्या तोंडावर, यंदा तरी नक्की जायचं म्हणून मी परत आणली होती. मधल्या काळात मे महिन्यात त्याचा एक मेसेज आला होता. फोन काढून मी तो शोधला. बुधवारचा दिवस, पहाटे पाचची वेळ, आणि एकच शब्द: 'निघतोय'.

बुधवारी आम्ही कधीच जात नाही. तेव्हा मला वाटलं होतं, कुठल्यातरी लग्नाला निघाला असेल, सवयीनं पाठवला. दुकान चार दिवस बंद होतं. मी विचारलं नाही, कारण आम्ही विचारत नाही.

खाली आलो तर बायकोनं चहा पुन्हा गरम केला होता. वाळू मी कागदात बांधून आणली होती, ती पुडी ओट्यावर सोडली. तिनं वाळूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि ही कुठून आली असं न विचारता चहा गाळायला लागली, त्यावरून मला कळलं की तिला माहीत आहे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"भावजी परत आले त्याच आठवड्यात कळलं," ती म्हणाली. "त्यांच्या बायकोनं कोकमाची बाटली दिली होती ना."

ती बाटली मला चांगली आठवत होती. मे-जूनमध्ये रोज कंपनीतून आल्यावर मी त्या कोकमाचं सरबत प्यायलो होतो. वर म्हणालोही होतो, बाजारात मिळतं त्यापेक्षा हे फार चांगलं आहे. माझ्याच घरात, माझ्याच पेल्यातून मी तो पुरावा घोट घोट घेऊन संपवला होता.

"अगं, मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलं नाही," ती म्हणाली. "आणि तुम्ही एवढे खूश होता वही घेऊन."

त्या वेळी मला तिचा जास्त राग आला, मित्रापेक्षाही. तो निदान दुसऱ्या घरात राहतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, तसं झालं. ओरडायला तोंड उघडावं तर कोणावर, तेच कळेना.

ते आठ दिवस मी बांधाबांध थांबवली नाही. फक्त पद्धत बदलली. आधी सगळं सामान एकत्र होतं, दोघांचं. आता मी ते वेगळं केलं. माझे गळ माझ्या चपलेत, त्याचे त्याच्या. माझी चटणी एका डब्यात, त्याची दुसऱ्या. वल्ह्यांवरसुद्धा चिकटपट्टी लावली. हे अगदी क्षुद्र होतं, मला कळत होतं, पण हात थांबत नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी तो नेहमीसारखा आला, नेहमीच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "हं, सांगा मालक, काय राहिलं?" गेले पाच महिने दर गुरुवारी हेच चाललं होतं. मी वही उघडून भरती-ओहोटीचं वेळापत्रक समजावून सांगायचो, आणि तो मान हलवत 'असं व्हय' म्हणत ऐकायचा. मला वाटायचं, पालथ्या घड्यावर पाणी, पुढच्या गुरुवारी पुन्हा सांगावं लागणार. म्हणून पुन्हा सांगायचो, आणखी सोपं करून, कागदावर खाडीचं चित्र काढून.

त्या दिवशी मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. म्हणालो, "ओहोटी लागली की आपण खाडीच्या तोंडाशी जायचं. ओहोटीचं पाणी आपल्याला आपोआप आत, गावाकडं आणून सोडतं." खरं तर ओहोटीचं पाणी बाहेर ओढतं, थेट समुद्रात. हे वहीत वाचलेल्यालाही कळेल. आणि एकदा त्या पाण्यात वल्हं मारलेला माणूस तर झोपेतसुद्धा हे चुकणार नाही.

मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. त्याचे ओठ उघडले. हात खुर्चीच्या दांड्यावरून थोडा उचलला गेला. मग त्यानं माझ्या वहीकडं बघितलं, त्या खाडीच्या चित्राकडं, ज्यात मी बारीक लाटासुद्धा काढल्या होत्या. आणि हात खाली ठेवून म्हणाला, "असं व्हय. बरं. तिथं गेल्यावर बघू."

कंपनीत माल नापास झाला की मला वाईट वाटत नाही. त्या दिवशी वाटलं. तो गेल्यावर मी बराच वेळ वही मिटवली नाही.

निघायचा दिवस उजाडला. सहा वाजता तो गाडी घेऊन गेटपाशी आला. डिकीत आधीच त्याची एकच पिशवी होती, छोटी, शाळेच्या दप्तराएवढी. मागच्या तिन्ही वर्षी त्यानं माझ्या सांगण्यावरून दोन बॅगा भरल्या होत्या. यंदा त्याला काय लागतं आणि काय लागत नाही हे नेमकं माहीत होतं, आणि ते लपवायचं मात्र त्याच्या लक्षात आलं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हटलं तरी सगळी भांडी लपत नाहीत. आम्ही कयाक ठेवली, पंप ठेवला, वल्ही ठेवली. जार मी शेवटी ठेवला. त्यानं या वेळी जारवरून चिडवलं नाही. उलट म्हणाला, "राहू दे, असू दे." तो मऊपणा मला सहन होईना.

तो गाडीत बसायला वळला आणि म्हणाला, "चल. निघतोय."

मी गेटवर हात ठेवून उभा होतो. मी म्हणालो, "मे महिन्यात कुठं गेला होतास?"

बावीस वर्षांत हा शब्द आमच्यात पहिल्यांदा आला. तो जागच्या जागी थांबला. पुढं काय करावं हे त्याला विचार करून ठरवावं लागलं नाही. त्यानं गाडीची किल्ली काढली, गेटातून आत आला, पायरीशी चपला काढल्या आणि पुढच्या खोलीत खाली सतरंजीवर बसला. माझी बायको आतून तांब्या घेऊन आली. तो सगळा तांब्या प्यायला, मधे न थांबता. मी दारातच उभा होतो.

"कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं.

"कयाकनं. सीटखाली वाळू आहे."

त्यानं मान हलवली. "धुतली होती मी. सीट उचलायचं सुचलं नाय." मग म्हणाला, "जावई आला होता. दुकानात कयाक बघितली त्यानं. म्हणला, मामा, चला जाऊ, माझी गाडी हाय, माझी सुट्टी हाय. पहिल्यांदा काय मागितलं पोरीच्या नवऱ्यानं. नाय कसं म्हणू?"

"मला सांगायचं."

"सांगितलं की. निघतोय म्हणून टाकला होता मेसेज."

हे तो चेष्टेनं म्हणाला नाही. त्याला खरंच वाटत होतं की त्यानं सांगितलं. नियमात बसवून माझा केसानं गळा कापला, आणि नियम तर माझाही होता.

"आणि नंतर?" मी म्हणालो. "पाच महिने मी तुला भरती-ओहोटी शिकवत होतो. परवा तर चुकीचं सांगितलं, तरी तू मान हलवलीस."

तो तांब्याच्या काठावरून बोट फिरवत बसला. "तू लई जीव लावून सांगत होता," तो म्हणाला. "मधी तोडू वाटलं नाय. आन् खरं सांगू का, तीन वर्षं तू भरतोच हायेस. मला वाटलं, हा काय निघत नाय. मरायच्या आधी एकदा बघून तर येऊ."

हे खरं होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. खोटं बोलला असता तर मी भांडलो असतो. ज्याची कीव केली त्या माणसाला भांडताही येत नाही. मी विचारू नये ते विचारलं.

"मासा लागला?"

"लागला एक."

"केवढा?"

त्यानं दोन्ही हात उचलले आणि हवेत अंतर धरलं. चांगलं हातभर होतं. मग माझ्याकडं बघितलं, आणि ते अंतर हळूहळू कमी केलं. वीतभर राहिलं तिथं हात थांबवले. "एवढासाच," तो म्हणाला.

गळ टाकणाऱ्या माणसाचा मासा दर वेळी सांगताना थोडा वाढतो. यानं तलावातली चिलापीसुद्धा कधी खऱ्या मापात दाखवली नव्हती. बावीस वर्षांत मासा लहान करताना मी त्याला पहिल्यांदा बघितलं.

मी बाहेर गेलो आणि डिकीतून माझं सामान काढायला लागलो. तो मागून आला. एक टोक धरलं त्यानं. कयाकची पिशवी आम्ही दोघांनी मिळून आत आणली, तो पुढं, मी मागं. जार त्यानंच उचलून पायरीवर ठेवला. मग चपला घातल्या आणि म्हणाला, "कयाक राहू दे तुझ्याकडं." गाडी वळवून निघून गेला. दुकानाकडं गेला, घराकडं गेला, की तसाच पुढं कोकणात, मला माहीत नाही. नव्यानं निघालेल्या माणसाला मी पुन्हा टोकलं नाही.

दोन किलो पेंडीच्या गोळ्यांचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. बायकोनं त्या शेजारच्या गवळ्याच्या म्हशीला घातल्या. हिंग जास्त झाल्यामुळं म्हशीनं अर्ध्या टाकल्या.

तीन रविवार मी घरातच काढले. चौथ्या रविवारी सकाळी कयाकची पिशवी स्कूटरवर आडवी बांधली. पट्ट्याचं बक्कल पुन्हा माझ्या रेघेवर आणून ठेवलं होतं. त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, आणि बायको गेटपाशी पाइप घेऊन पिंप भरत होती. तिनं पिशवी बघितली, माझ्याकडं बघितलं, मला जायला वाट व्हावी म्हणून पाइप बाजूला ओढला आणि सवयीनं दुसरीकडं तोंड केलं.

मी फोन काढून मित्राला लिहिलं, 'निघतोय'. लगेच दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे त्यानं वाचलं. मी गाडी चालू केली नाही, तसाच बसून राहिलो. पिंप भरून वाहायला लागलं. तिनं पाइप दुसऱ्या पिंपात टाकला. दोघांपैकी कोणी एकानं 'कुठं' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. म्हटलं असतं तर मी आत आलो असतो, चपला काढल्या असत्या, खाली बसलो असतो, आणि तांब्याभर पाणी पिऊन सगळं बोललो असतो.

दोघांनीही नियम पाळला.